फायरप्लेसमध्ये लाकूड जाळायचा इन्सर्ट बसवताय? धुराड्यात पाईप टाकायचा खरा खर्च, कोल्हापूरच्या हिशोबानं

आधी एक गोष्ट सांगून ठेवतो. कोल्हापुरात दुकानात जाऊन नुसतं "चिमणीचं काम आहे" म्हटलात तर समोरचा तुम्हाला मॉड्युलर किचनची बटणाची काचेची चिमणी दाखवणार, आणि पाईप मागितलात की पेटीच्या भात्यासारखा ताणणारा चंदेरी फॉइलचा पाईप हातात देणार, दोन-चारशे रुपयात. तो ॲल्युमिनियमचा असतो. फोडणीचा धूर बाहेर काढायला ठीक आहे, पण लाकडाच्या आगीवर तो लावायचा विचारसुद्धा करू नका, ॲल्युमिनियम ६६० अंशाला वितळतं आणि धुराड्यात काजळीनं पेट घेतला तर तिथं ११०० अंशांपर्यंत गरमी जाऊ शकते. त्यामुळं दुकानात "धुराडं" म्हणा, "लाकडाच्या भट्टीचं धुराडं" म्हणा, मग बरोबर माणसाकडं पाठवतात.

मी उद्यमनगरात एका शीटमेटलच्या शेडमध्ये कोटेशन काढतो. डक्ट, हॉपर, गुऱ्हाळाच्या काहिलीची किरकोळ कामं, असलं सगळं. फायरप्लेसचं काम आयुष्यात कधी केलं नव्हतं, कोल्हापुरात कोण करतंय, आपल्याला थंडी असते किती. पण आमच्या सासऱ्यांचं पन्हाळ्यावर जुनं जांभ्या दगडाचं घर आहे आणि त्याच्या हॉलमध्ये मोठी उघडी फायरप्लेस आहे. पावसाळ्यात चार महिने तिथं गाद्या ओल्या, भिंती ओल्या, पापडसुद्धा मऊ. मेव्हण्यानं हौसेनं बिडाचा काचेच्या दाराचा इन्सर्ट, म्हणजे फायरप्लेसच्या पोकळीत बसणारी बंद शेगडी, मागवला आणि म्हणाला "भावजी, तुमच्याच धंद्यातलं काम आहे, पाईपचं तेवढं बघा." तेवढं बघता बघता ४२ हजार २८९ रुपये झाले. त्यात पाईप म्हणून जो काही आहे तो साडेअकरा हजाराच्या आतला. बाकीचे कशाला गेले ते सांगायलाच हे लिहायला बसलोय, कारण सगळे जण पहिला प्रश्न "फुटाला किती?" असा विचारतात आणि तिथंच चुकतात.

पाईप घालायचाच कशाला, धुराडं आहे की

हा प्रश्न मामांनी, म्हणजे सासऱ्यांनी, पहिल्याच दिवशी विचारला. साठ वर्षं धूर वर जातोय, आता काय झालं?

गुऱ्हाळघर सगळ्यांनी बघितलेलं असतंय म्हणून त्यावरनं सांगतो. चुलवाणात चिपाडं ढणढणा पेटलेली असतात तवा धुराडं कसं खेचतं बघा, जाळ आत ओढला जातो, तोंडाशी उभ्या जाळव्याच्या डोळ्यात धूर जात नाही. हे सगळं गरम धुराच्या जोरावर चालतं. तेच सकाळी पहिल्यांदा पेटवताना, धुराडं गार असताना, सगळा धूर तोंडावर. म्हणजे ओढ पाहिजे तर धूर गरम राहिला पाहिजे आणि भरभर वर गेला पाहिजे.

उघड्या फायरप्लेसमध्ये आग मोठी, हवा भरपूर आणि बहुतेक उष्णता धुराड्यातनंच फुकट जाते, म्हणून धुराडंही मोठं ठेवलेलं असतं. इन्सर्ट नेमकं उलटं करतो. दार बंद, हवा मोजून, उष्णता खोलीत, आणि वर जाणारा धूर कमी आणि गार. इन्सर्टच्या डोक्यावरचं तोंड ६ इंची. आमचं धुराडं आतून १२ बाय १४ इंच. आता हिशोब करा, ६ इंची गोलाचं क्षेत्रफळ साधारण २८ चौरस इंच, धुराड्याचं १६८. सहापट. म्हणजे पाईपातनं ज्या वेगानं धूर आला त्याच्या सहाव्या हिश्श्यानं तो वर सरकणार, रेंगाळणार, गार होणार. धूर १२० अंशाच्या आसपास खाली आला की त्यातली वाफ आणि डांबर भिंतीला धरायला लागतं. त्यालाच क्रिओसोट म्हणतात. आधी काजळी, मग कुरकुरीत पापुद्रे, मग काळी चकचकीत काच. ती काच एकदा पेटली की विझवणं अवघड.

अमेरिकेत यासाठी एनएफपीए २११ नावाचं स्टँडर्ड आहे, त्यात असं आहे की धुराड्याचं आतलं क्षेत्रफळ उपकरणाच्या तोंडाच्या तिपटीपेक्षा जास्त नको, आणि धुराड्याची एखादी बाजू बाहेर उघड्यावर असेल तर दुपटीपेक्षा जास्त नको. आमचं धुराडं बाहेरच्या भिंतीला लागून, म्हणजे दुपटीचा नियम, आणि होतं सहापट. त्यात जांभा दगड सच्छिद्र, चुन्याचे सांधे साठ वर्षांत कुठं कुठं मोकळे झालेले. आपल्याकडं हे काम तपासणारा इन्स्पेक्टर येत नाही म्हणून नियम वाचायचे नाहीत असं करू नका, ते नियम घरं जळाल्यावर लिहिलेत.

गवंडी म्हणाला आतून सिमेंटचा गिलावा मारून देतो, पाच हजारात काम. एक तर १२ बाय १४ च्या भोकात वीस फूट आत गिलावा मारणार कोण, आणि तापून-गार होऊन तो तडकणारच. इंग्लंडात पूर्वी धुराड्याला आतनं चुना आणि शेणाचा गिलावा करायचे, हे त्याला सांगितल्यावर तो लई खूश झाला. पण त्यानं भोक काही लहान होत नाही, आणि आपला मूळ प्रश्न भोकाचाच आहे.

पहिलं काम: मोजणं. इथंच मी गडबडलो

उंची बाहेरनं मोजू नका. मी बाहेरनं टेप लावला, जमिनीपासून टोकापर्यंत, फायरप्लेसची उंची वजा केली, झालं. धंद्यातला माणूस असून. सरळ पाईप तयार करून टेम्पोत घालून पन्हाळ्याला नेले, परांची बांधली, वरनं पाईप सोडला आणि चौदा फुटावर खट्ट. पुढं जाईना. वरनं बघितलं तर अंधार, खालनं बघितलं तर अंधार. फायरप्लेसच्या वर धुराडं बाजूला सरकलेलं होतं, साधारण चार इंच, जुन्या लोकांनी पाऊस सरळ चुलीत पडू नये म्हणून की काय कोण जाणे तसं बांधलेलं.

तर बरोबर पद्धत अशी. ओळंब्याला दोरी बांधा, शेजारी मोबाईल बांधा टॉर्च आणि व्हिडिओ चालू करून, आणि टोकावरनं हळूहळू खाली सोडा. मोबाईल जुना घ्या. ओळंबा जिथं भिंतीला टेकेल तिथं दोरीला गाठ मारा, ती वाकणाची जागा. तळाला पोचला की दोरी मोजा, ती खरी उंची. मग व्हिडिओ बघा, घरटी, पडलेले दगड, तडे सगळं दिसतं. आमच्यात कबुतराच्या घरट्यांचं अख्खं पोतं निघालं. आणि शेवटी सगळ्यात अरुंद जागेची लांबी-रुंदी घ्या, कारण पाईप सहा इंची असला तरी त्यावर इन्सुलेशन, म्हणजे धूर गरम ठेवणारं ब्लँकेट, गुंडाळल्यावर तो आठ इंची होतो, आणि जायचंय ते आठ इंच.

वाकण असेल तर दोन रस्ते. परदेशात पन्हळीदार लवचिक लायनर, म्हणजे धुराड्याच्या आत घालायचा पाईप, मिळतो, एका तुकड्यात वरनं सोडायचा, वाकतो तिथं वाकतो. आपल्याकडं मागवायला लागतो आणि भाडं, ड्युटी धरून त्याची किंमत बघितल्यावर मी तो टॅब बंद केला. दुसरा रस्ता म्हणजे सरळ कडक पाईप आणि वाकणाच्या जागी १५-१५ अंशांचे दोन बेंड, पण बेंड बसवायला हात पोचला पाहिजे म्हणून तिथं धुराड्याच्या भिंतीला खिडकी फोडायची आणि काम झाल्यावर तोच जांभा चुन्यात परत बसवायचा. मी हे केलं. खिडकीचे गवंड्याला साडेचार हजार, बेंडचे अठराशे. शिवाय परांची दुसऱ्यांदा लावायला लागली त्याचे तीन हजार माझ्या डोक्यावर, बायको अजून काढते तो विषय.

दुसरं काम: धुराडं साफ करणं

जुनी काजळी तशीच ठेवून आत पाईप घालायचा नाही. उद्या पाईपात आग लागली तर बाहेरची गरमी त्या जुन्या काजळीला पोचणार. दोन माणसं, एक दिवस, दोन हजार दिले. खाली फायरप्लेसच्या तोंडाला ओलं गोणपाट आणि वर प्लॅस्टिक, सगळ्या कडांना टेप. आम्ही टेप लावली नाही. शेजारच्या खोलीत सासूबाईंनी पापड वाळत घातले होते. पुढचं लिहीत नाही.

याच वेळी फायरप्लेसच्या गळ्यातलं जुनं लोखंडी झाकण, डँपर म्हणतात ते, काढून टाका नाहीतर पाईपला जागा मिळत नाही. ग्राइंडरनं कापायला लागतं.

तिसरं काम: पाईप. फुटावर नाही, किलोवर हिशोब

स्टेनलेसचा पाईप बनवून घेताना फुटाचा भाव विचारला की फसला तुम्ही, कारण जाडी आणि ग्रेड कुणी बोलत नाही. किलोचा भाव विचारा. घरी करता येतो इतका सोपा हिशोब आहे, पाईपचा घेर मीटरमध्ये गुणिले लांबी मीटरमध्ये गुणिले जाडी मिलीमीटरमध्ये गुणिले ८, आलं उत्तर किलोमध्ये. ६ इंची पाईपचा घेर ०.४८ मीटर, जाडी ०.८ मिली, म्हणजे मीटरला ३ किलोच्या जरा वर. चार फुटाचा एक तुकडा पावणेचार किलो.

आता शीट ८ बाय ४ फुटाची येते. २४४० मिलीच्या बाजूनं कापलं तर ४७९ चे पाच तुकडे बरोबर बसतात, जेमतेम ४५ मिली उरतं, आणि प्रत्येक तुकडा चार फूट लांब. म्हणजे एका शीटमध्ये पाच पाईप. आम्हाला सहा पाहिजे होते, शिवाय वरची प्लेट, टोपी, खालचा अडॅप्टर, बेंड, म्हणून दोन शीट घेतल्या. १९ किलोची एक, ३८ किलो झाले, मला २३० रुपये किलोनं स्टेनलेसची ३०४ ग्रेड मिळाली, ८ हजार ७४०. हा भाव रोज हलतो, तुम्ही घेताना त्या दिवशीचा विचारा.

ग्रेडबद्दल नीट ऐका. सुकं लाकूडच जाळणार असाल तर ३०४ चालते. कोळसा जाळणार असाल तर ३१६ घ्या, किलोला दीडपट ते पावणेदोनपट लागतात. आणि कोकणातनं स्वस्तात जुन्या होडीचं, समुद्राचं पाणी प्यालेलं लाकूड कुणी आणून देत असेल तर ते जाळूच नका, त्यातल्या मिठानं कुठलंही स्टेनलेस खातं. तीच गोष्ट प्लास्टिक आणि रंगवलेल्या लाकडाची.

बाजारात ३०४ म्हणून २०२ ही हलकी ग्रेड खपवतात हे आमच्या लाईनमधलं उघडं गुपित आहे. लोक लोहचुंबक लावून बघतात आणि चिकटलं नाही म्हणजे ३०४ म्हणून निर्धास्त होतात. २०२ ला पण चुंबक चिकटत नाही हो. दुकानदाराकडं टेस्टिंगचं लिक्विड असतं, थेंब टाकून रंग बघतात, तुमच्या समोर टाकायला लावा आणि मिलचं टेस्ट सर्टिफिकेट मागा. २०२ चार दिवस चमकेल, पन्हाळ्याच्या पावसात ओल्या काजळीपुढं टिकणार नाही. जीआय म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी पाईपचं तर नावच नको, त्यावरचं जस्त ४१९ अंशाला वितळतं. आपल्या बंबाच्या धुराड्याला लोक काळा पत्रा वापरतात आणि दोन-तीन वर्षांनी बदलतात, बंब परड्यात असतो म्हणून चालतंय. भिंतीच्या आत गाडलेला पाईप दर तीन वर्षांनी कोण बदलणार.

मजुरी: पाईप रोल करून टिग वेल्डिंग मारायला तुकड्याला ४५० प्रमाणे सहाचे २ हजार ७००, दोन बेंड १ हजार ८००, इन्सर्टच्या तोंडाला बसणारा अडॅप्टर १ हजार ४००, वरची प्लेट आणि टोपी २ हजार ३००. शीट आणि मजुरी मिळून १६ हजार ९४० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी ३ हजार ४९. माझ्याच शेडमध्ये केलं तरी मालकानं बिल फाडलं. बिल घ्याच, ग्रेड बिलावर लिहून घ्या.

सहा तुकडे म्हणजे २४ फूट, पण प्रत्येक सांध्यात दीड इंच आत जातो, पाच सांध्यांचे साडेसात इंच गेले, उरले २३ फूट साडेचार इंच. हे विसरून लोक बरोबर मापाचा पाईप घेतात आणि वर एक वीत कमी पडतो.

सांधा कुठल्या दिशेनं, यावर झालेलं भांडण

आमच्या शेडमधले वेल्डर, वयानं मोठे, आम्ही सगळे त्यांना तात्या म्हणतो. त्यांनी सगळे तुकडे असे केले की खालच्या पाईपचं तोंड वरच्यात घुसेल. मी म्हटलं तात्या उलटं झालं. ते म्हणाले, "अरे बाबा, धूर वर जातोय का खाली? खालचा वरच्यात घातला म्हंजे सांध्यातनं धूर फुटत न्हाई." ऐकायला एकदम बरोबर वाटतं. मी म्हटलं, "धूर वर जातोय तात्या, पण डांबर खाली येतंय. त्याला बाहेर वाट मिळाली तर ब्लँकेटमध्ये मुरंल की." गप्प बसले, बिडी पेटवली, मग म्हणाले "म्हंजे पन्हळीसारखं." बरोबर पन्हळीसारखं. वरचा पाईप खालच्यात. धूर सांध्यातनं फुटत नाही कारण ओढ असली की आत बाहेरच्यापेक्षा कमी दाब असतो, हवा आत खेचली जाते. प्रत्येक सांध्याला तीन रिवेट, तेही स्टेनलेसचे. ॲल्युमिनियमचे पॉप रिवेट मारले तर सगळ्या साखळीत तेच पहिलं वितळणार.

चौथं काम: ब्लँकेट

इथं कोल्हापूरकरांची चांदी आहे. फाउंड्र्यांमुळं सिरॅमिक फायबर ब्लँकेट, फायर ब्रिक, कास्टेबल (आगीला टिकणारं सिमेंटसारखं मिश्रण), हे सगळं शिरोलीला नाहीतर गोकुळ शिरगावच्या बाजूला सहज मिळतं, फाउंड्रीचा माल विकणाऱ्याकडं जायचं आणि "पंचवीस मिलीचं, १२८ डेन्सिटीचं एक रोल" म्हणायचं. रोल दोन फूट रुंद आणि चोवीस फूट लांब येतो, सहा इंची पाईपला लांबीनं गुंडाळला की बरोबर चोवीस फुटाचं काम एका रोलमध्ये. नशीबच म्हणायचं. २ हजार ८०० रोलचे, वरनं स्टेनलेसची जाळी आणि तार १ हजार ७००. जाळी नसेल तर पाईप खाली सोडताना ब्लँकेट दगडाला घासून फाटतं.

काही जण म्हणतात ब्लँकेट कशाला, चार-पाच हजार वाचवा. धूर गार होऊ नये म्हणूनच तर एवढा खटाटोप चाललाय, आणि बाहेरच्या भिंतीला लागलेल्या, पावसात भिजणाऱ्या धुराड्यात उघडा पाईप घातला तर तो गार होणारच. शिवाय जुन्या घरात सागाच्या तुळया धुराड्याला खेटून गेलेल्या असतात. अमेरिकन नियमात घराच्या आतल्या धुराड्यापासनं लाकूड दोन इंच लांब पाहिजे, आमच्याकडं तुळई चक्क दगडात रोवलेली. अशा घरात ब्लँकेटवर चर्चाच नको.

गुंडाळताना मास्क, पूर्ण बाह्यांचा शर्ट, हातमोजे. ते तंतू अंगाला लागले की दोन दिवस खाज सुटते आणि छातीत जाणं वाईट. फाउंड्रीतल्या माणसाला विचारा.

पाचवं काम: आत सोडणं आणि टांगणं

पाईप २२-२३ किलो, ब्लँकेट १४ किलो, म्हणजे सगळं मिळून सदतीस किलोच्या आसपास वर चढवायचंय. दोन माणसं वर, एक खाली, दोरीनं एकेक तुकडा जोडत सोडायचा. परांची, माणसं, सगळे मिळून ६ हजार ५०० गेले, त्यात ते माझे तीन हजार आहेत. टेम्पो दीड हजार. पन्हाळा कोल्हापूरपासनं वीसेक किलोमीटर पण इन्सर्टसुद्धा त्याच टेम्पोत होता आणि बिडाच्या त्या धुडाला उतरवायला चार जण लागले, चहा-वडा वेगळा.

सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे नवीन फिटर हमखास विसरतो. स्टेनलेस तापलं की वाढतं. २२ फुटाचा पाईप ३०० अंशानं तापला तर साडेतीन सेंटीमीटर लांब होतो, म्हणजे जवळजवळ दीड इंच. तुम्ही वर सिमेंटनं पक्का केला आणि खाली इन्सर्टला पक्का केला तर तो वाढीव दीड इंच जाणार कुठं? एक तर पाईप वाकणार नाहीतर टोकाचा दगड उचलणार. म्हणून एक टोक पक्कं, एक सरकतं. आम्ही खाली दोन अँगलवर वजन घेतलं, इन्सर्टच्या डोक्यावर नाही, आणि वरच्या प्लेटच्या कॉलरमधनं पाईप मोकळा सरकेल असा ठेवला, त्यावर पाण्यासाठी छत्रीसारखी दुसरी कॉलर पाईपलाच बसवली. पहिल्यांदा तापला तेव्हा टिक टिक आवाज यायला लागला तर सासूबाई म्हणाल्या आत पाल आहे. पाल नाही आई, पाईप वाढतोय.

खाली फायरप्लेसच्या गळ्यात पाईपच्या भोवतीची मोकळी जागा शीटच्या उरलेल्या तुकड्यानं बंद करायची आणि कडा कास्टेबलनं भरायच्या, २५ किलोची पिशवी १ हजार १००. हे नाही केलं तर खोलीतली गरम हवा त्या फटीतनं वर पळून जाते आणि इन्सर्ट घेऊन काय फायदा झाला असं वाटायला लागतं.

टोक किती उंच

३-२-१० असं पाठ करा. छपरातनं जिथं धुराडं बाहेर पडतं तिथनं किमान ३ फूट वर, आणि दहा फुटाच्या आत छपराचा जो कुठला भाग असेल त्याच्यापेक्षा २ फूट वर. आमचं आधीच तेवढं होतं. तुमचं कमी असेल आणि घर पन्हाळ्यावरच असेल तर बांधकाम वाढवायच्या आधी चौकशी करा, गड संरक्षित स्मारक आहे, स्मारकाच्या हद्दीपासनं १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढं २०० मीटर नियंत्रित क्षेत्र लागतं, आणि तिथं परवानगीशिवाय दुरुस्तीसुद्धा अंगाशी येऊ शकते.

टोपी मात्र कोल्हापूरच्या मानानं करा, कॅटलॉगमधल्या फोटोच्या मानानं नको. आपला पाऊस आडवा येतो. आम्ही टोपीचा व्यास पाईपच्या अडीचपट ठेवला आणि खालनं जाळी, कबुतरं परत येऊ नयेत म्हणून. जाळी बारीक घेऊ नका, काजळीनं बुजते.

पेटवायच्या आधी

कार्बन मोनॉक्साईडचा अलार्म, २ हजार २०० ला घेतला. घरातले म्हणाले धूर झाला तर कळतंय की. हा वायू रंग नाही वास नाही, कळत नाही हाच त्याचा धोका. झोपायच्या खोलीच्या बाहेर लावला.

पहिली आग लहान, चार काटक्यांची. उदबत्ती घेऊन सगळ्या सांध्यांपाशी, दाराच्या कडेला फिरवा, धूर आत खेचला जातोय का बघा. आमच्याकडं पहिल्या दिवशी उदबत्तीचा धूर उलटा खोलीत यायला लागला, पोटात गोळाच आला माझ्या, चाळीस हजार घालवून. मग बघितलं तर स्वयंपाकघरात सासूबाईंची ती बटणाची चिमणी फुल स्पीडवर चालू, खिडक्या सगळ्या बंद. ती चिमणी घरातली हवा बाहेर फेकत होती आणि तेवढी हवा आमच्या धुराड्यातनं खाली येत होती. एक खिडकी उघडली, ओढ लागली. एका चिमणीनं दुसरीला हरवलं म्हणायचं.

जळण

सगळा खर्च पाण्यात घालवायचा असेल तर वखारीतनं ओलं जळण आणा. लाकडात २० टक्क्यांच्या खाली ओल पाहिजे. ताजं तोडलेलं लाकूड निम्मं पाणीच असतं, ते उकळवण्यातच आग संपते आणि धूर गार. बाभूळ, सुबाभूळ चांगली, पण दसऱ्या-दिवाळीच्या सुमाराला फोडून, जमिनीपासनं वर, वारा लागेल असं रचून, वर पत्रा टाकून उन्हाळाभर ठेवायची आणि पुढच्या पावसाळ्याला वापरायची. पावसाळ्यात वाळवू म्हणाल तर पन्हाळ्यावर ते जन्मात वाळत नाही. दोन तुकडे एकमेकांवर आपटून बघा, टण्ण आवाज आला तर वाळलंय, भद्द आला तर नाही.

कोटेशन मागताना

फोनवर कुणी फुटाचा भाव सांगून काम घेतो म्हणाला तर त्याला हे विचारा. वाकण आहे का ते कोण तपासणार? ग्रेड आणि जाडी बिलावर लिहिणार का? ब्लँकेट धरलंय का? परांची कुणाची? वरचं टोक सरकतं ठेवणार का? यातल्या दोन प्रश्नांना "बघू की मालक" असं उत्तर आलं तर दुसरा माणूस बघा. घर एकमजली, धुराडं सरळ, आणि परांचीऐवजी गच्चीवरनं काम होत असेल तर माझ्या बिलातले खिडकी-बेंडचे ६ हजार ३०० आणि परांचीतले निम्मे सहज वाचतात, म्हणजे तेहतीस हजाराच्या आत बसवता येईल. तिथनं खाली कुणी गेला तर काय काढलं ते शोधा, बहुतेक वेळा ब्लँकेट काढलेलं असतं.

साफसफाई वर्षातनं एकदा, आणि आपल्याकडं ती मे महिन्यात, पावसाच्या आधी. कारण काजळी आत तशीच राहिली आणि त्यावर दमट हवा बसली की त्याचं ॲसिडसारखं होतं आणि स्टेनलेसला बारीक खड्डे पडतात. आतली काजळी ३ मिलीच्या वर दिसली तर मेची वाट बघू नका. ब्रश नायलॉनचा घ्या, साध्या लोखंडी तारेचा नको, त्याचे कण पाईपला चिकटून तिथनंच गंज धरतो. टोपी चार बोल्टवर ठेवलीय आम्ही, बारा नंबरचा पाना वर कौलाखाली अडकवून ठेवलाय, मागच्या मे मध्ये मामांनी स्वतः चढून काढली. वाटीभर काजळी निघाली, कोरडी, भुरभुरीत. ती त्यांनी गुलाबाला घातली.